डाव्या हाताची गिटार

८ जून, रविवार

आज नीळकंठ सर म्हणाले, "अपेक्षा, ही गिटार आता तुला पुढे जाऊ देत नाहीये. नवीन घे."

दोन वर्षं दर रविवारी एसटीने यवतमाळला जाते आहे मी, सरांच्या क्लासला. एवढ्या काळात सरांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं बरं वाक्य. पुढचं लगेच नेहमीचंच होतं. "डाव्या हाताची बोटं इतकी छान बसतात तुझी, आणि उजवा हात तारा छेडताना अडखळतो. ताल म्हणजे श्वास आहे. तुझा मध्येच बंद पडतो."

सर खरं बोलतात म्हणूनच राग येतो. माझी गिटार म्हणजे कॉलेजच्या मैत्रिणीच्या भावाने टाकून दिलेली. तारा इतक्या वर उचललेल्या की खालून पेन्सिल जाईल. दाबून दाबून बोटांना घट्टे पडले. पण अडखळण्याचा दोष तिचा नाही, हे मलाही कळतं.

घरी आले तर मथुरा आत्या बसलेली. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. गावातच दिली आहे, दोन घरं सोडून राहते आणि स्वतःच्या घरापेक्षा आमच्याच घरात जास्त असते. नव्या गिटारीचं ऐकलं आणि सुरूच झाली. "काय व, सारा पगार त्याच्यात घालतं का? तेवीस वर्षाची पोट्टी, अन् नुसतं टुंगटुंग करून राह्यली. दोन वर्षात एक गानं तरी पुरं वाजवलं का इनं?"

नाही वाजवलं. तेच तर झोंबलं.

बाबा बहीण आणि मुलगी यांच्यात सापडले की बाजार समितीत बसल्यासारखा सौदा करतात. म्हणाले, "असं करू. भादव्यात महालक्ष्म्यांच्या दिवशी संध्याकाळी साऱ्या बाया येतात. तुही माय दरसाली जे गानं म्हनते, ते त्या दिवशी तू वाजव. मंधात न थांबता. वाजवलं त कोनी काही बोलनार नाही. नाही जमलं त गिटार माळ्यावर, आन् रविवारचं यवतमाळ बंद."

मी म्हटलं, "मंजूर." विचार न करता म्हटलं. विचार केला असता तरी हेच म्हटलं असतं.

आई आत भाकरी थापत होती. तिथूनच म्हणाली, "घेशील त नीट पाहून घेजो."

१४ जून, शनिवार

मजूर मिळेनात म्हणून आज बाभुळगावला गेलेच नाही. तिथे मी कॉम्प्युटर शिकवते. सुट्टी टाकली आणि आईसोबत शेतात सरकी लावायला गेले. कमरेला ओटी बांधायची, तिच्यातून दोन बिया काढायच्या, खड्ड्यात टाकायच्या, पायाने माती लोटायची, पुढे. सगळ्या बायांची ओटी डाव्या बाजूला आणि हात उजवा. आईची तेवढी उलट्या बाजूला असते. म्हणते, त्या खांद्यात उसण भरते.

दुपारनंतर माझा उजवा हात दुखायला लागला म्हणून मीही आईसारखी ओटी फिरवली आणि डाव्या हाताने बिया टाकायला लागले. सोबत आईचं ते महालक्ष्म्यांचं गाणं गुणगुणत होते. दोन तासांत पाहते तर मी सगळ्यांच्या पुढे, आणि गाणं कुठेच तुटलेलं नाही. हात गाण्याबरोबर चालला होता. एकदाही अडखळला नव्हता.

मी तशीच सरीत उभी राहिले. मागून आई ओरडली, "काय झालं व? साप हाये का?"

मी जन्माने डावरी. आईने मला वळवलं. लहानपणी माझ्या डाव्या मनगटाला काळा दोरा असायचा, ताटावर बसलं की आठवण राहावी म्हणून: हा हात नाही, तो. मारलं नाही कधी. प्रत्येक वेळी हात धरून बदलायची आणि बदलताना तिचेच डोळे भरायचे. आत्या सांगते, "तुही माय रडत रडत तुले वळन लावे." मी लिहिते उजव्या हाताने, जेवते उजव्या हाताने. आणि गिटारही आपोआप सगळ्यांसारखीच धरली. मला कुणी विचारलं नाही, आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

१५ जून, रविवार

क्लासनंतर सरांबरोबर यवतमाळच्या दुकानात गेले. सर छान शिकवत होते. गिटार डोळ्यासमोर आडवी धरून मान सरळ आहे का ते बघायचं. तारा दाबायला किती जोर लागतो ते बघायचं. प्रत्येक पट्टीवर एकेक सूर वाजवून कुठे खरखर येते का ते ऐकायचं. "चमक बघू नकोस. तुझ्या अंगाला बसते का ते बघ."

माझ्या मनात शेतातलंच चाललं होतं. सर दुकानदाराशी बोलत होते तेव्हा मी एक गिटार हळूच उलटी धरली. उजव्या हातात मान, डावा हात तारांवर. तारा उलट्या लागल्या होत्या, सूर सगळे भलतेच. पण डावा हात खाली-खाली-वर असा चालला तो चाललाच.

दुकानदार हसला. "मॅडम, उलटी धरली तुम्ही."

"मी बरोबर धरली, तुमची गिटार उलटी आहे," मी म्हटलं.

सर हसले नाहीत. बाहेर आल्यावर म्हणाले, "दोन वर्षं पाण्यात घालशील. बोटं पुन्हा पहिल्यापासून. आणि डावऱ्या गिटारी इथे मिळत नाहीत. उद्या कुणाच्या घरी, कुठल्या कार्यक्रमात गिटार हातात आली, तर ती उजवीच असणार. जग उजव्या हाताचं आहे, अपेक्षा."

काही न घेता परत आले. एसटीत सरांचं वाक्य डोक्यात घोळत होतं. जग उजव्या हाताचं असेल. मी काय जगाला वाजवून दाखवणार आहे? मला गल्लीतल्या बायांना दाखवायचं आहे.

१९ जून, गुरुवार

मूर्ख. मी. दुसरं कोण.

वाटलं, नवीन कशाला, जुन्याच गिटारीच्या तारा उलट लावू. सगळ्या काढल्या आणि शेवटची पहिली, पहिली शेवटची अशा लावल्या. मानेच्या टोकाला एक पांढरी पट्टी असते, तिच्यात तारांना खाचा. जाड तारेला रुंद, बारीक तारेला अगदी अरुंद. आता जाड तार अरुंद खाचेत बसेना, वरच तरंगायला लागली. आणि बारीक तार रुंद खाचेत डबड्यातल्या खड्यासारखी वाजायला लागली. मग मी बाबांची कानस घेतली. विळे पाजळायची कानस! खाच रुंद करायला गेले आणि पट्टीचा टवकाच उडाला.

खालची पट्टीही तिरपी असते, हे तेव्हा लक्षात आलं. ती जाड-बारीक तारांच्या हिशेबाने तिरपी बसवलेली असते, म्हणून वरच्या बाजूचा एकही सूर जुळेना. आता ही गिटार ना उजव्या हाताची, ना डाव्या.

आई दारातून बघत होती. मला वाटलं, आता बोलणार. म्हणाली, "उलटं करून सरळ होत नाही ते," आणि गेली. काय म्हणायचं होतं तिला, कोण जाणे.

२२ जून, रविवार

सरांना स्पष्ट सांगितलं, यापुढे डाव्या हाताने. सरांनी आपली गिटार मांडीवरून खाली ठेवली. मग म्हणाले, "मला डाव्या हाताने शिकवता येत नाही. माझ्या शेजारी बसून तुला काही दिसणार नाही."

मी खुर्ची उचलली आणि त्यांच्या शेजारी नाही, समोर ठेवली. "आरशात बघितल्यासारखं दिसेल सर. तुमचा उजवा तो माझा डावा."

बाकीची मुलं हसू दाबत होती. सरांनी चष्मा पुसला. "बस," म्हणाले. "पण रिकाम्या हाताने किती रविवार बसशील?"

६ जुलै, रविवार

गिटार घेतली! नागपूरच्या एका दुकानात फोनवर विचारलं होतं, म्हणाले डाव्या हाताच्या दोन आहेत. एकटी जाऊ नको, असं बाबांचं. आत्या लगेच पदर खोचून तयार: मी जातो हिच्यासंगं, कशी घेते ते पाहतो. माझ्या अंगावर काटाच आला. तेवढ्यात आई म्हणाली, "तुमी राहू द्या आक्का. म्याच जातो." आई! जी माहेरी जायलासुद्धा दहा कारणं सांगून टाळते.

दुकानात आई स्टुलावर बसली, डाव्या हातावर पदर ओढून. त्या हाताच्या पाठीवर भाजल्याचा जुना चट्टा आहे, चार लोकांत गेली की झाकते. चुलीवर भाजलं होतं म्हणते.

दोन गिटारी. पहिली मोठ्या पेटीची, काळी, लखलखीत, आरशासारखी. मांडीवर घेतली तर खांदा वर उचलावा लागला आणि हात पेटीवरून पलीकडे पोचेना. आवाज मोठा, पण सगळा ढोलासारखा बाहेर पडणारा. दुसरी लहान पेटीची, कमरेत बारीक, फिक्या लाकडाची. दिसायला साधी. सरांनी सांगितलं तसं मान डोळ्यासमोर धरली: सरळ. तारा पट्टीच्या जवळ, बोट ठेवलं की सूर लागत होता, घोटावं लागत नव्हतं. खरखर कुठेच नाही. मधल्या पट्टीवर तार दाबली आणि मोकळी सोडली, दोन्ही सूर एकाच घरचे. वरचं लाकूड एकसंध नाही, थर चिकटवलेलं आहे, असं दुकानदार कमीपणा सांगावा तसा म्हणाला. मी म्हटलं, चालेल. आमच्याकडे मे महिन्यात दारं-खिडक्यासुद्धा तडकतात, आणि दुपारभर कूलरची ओल. थरांचंच टिकेल.

दुकानदाराने अजून एकदा प्रयत्न केला. "मॅडम, राइटमध्ये बहोत व्हरायटी आहे. लेफ्टी पुढं विकली जात नाही, सोचून घ्या."

"विकायची कोणाले आहे?" मी म्हटलं.

काळी ठेवताना मी लहान गिटार जरा आईच्या हातात दिली. आईने ती मांडीवर घेतली आणि बरोबर धरली, डावा हात तारांवर. दुकानदार बाजूच्या भिंतीवरची एक उजव्या हाताची गिटार काढून गमतीने म्हणाला, "काकू, ही पण धरून बघा." तर आईने तीही तशीच धरली, म्हणजे उलटी. तो खूप हसला. बिचारीला काय कळतं गिटारीतलं. मलाही हसू आलं.

येताना एसटीत आईने पूर्ण रस्ताभर गिटार स्वतःच्या मांडीवर ठेवली. मला दिली नाही. म्हणे, "तू झोपते अन् पाडशीन."

२० जुलै, रविवार

सर म्हणाले होते तसंच झालं. दोन वर्षांचे घट्टे डाव्या हाताला, आणि आता तारा दाबायच्या उजव्या हाताने. उजव्या बोटांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. पण ताल! ताल तुटत नाही. बोट चुकतं, सूर बेसूर होतो, तरी डावा हात चालत राहतो. मला वेड लागल्यासारखं झालंय. कामावरून आले की बसते ते आई हाक मारेपर्यंत.

आज जेवायला झुणका होता, चांगला तिखट. उजव्या बोटांना लागला तर डोळ्यांतून पाणी. म्हणून भाकरी डाव्या हाताने मोडली. समोर आत्या.

"पाह्य! पाह्य हे!" आत्या किंचाळलीच. "वाजवाले डावा, आता खायाले डावा! उद्या सासरी काय म्हनतीन?"

मी म्हणाले, "सासरचं सासरी पाहू. हात माझा, भाकर बाबांची, तुझं काय जातं?" आता लिहितानाही वाटतं, बरंच केलं.

पण मग आई आली आणि तिने माझ्या डाव्या हातावर चापट मारली. जन्मात पहिल्यांदा. "त्या हातानं जेवू नको! कोनाच्या समोर तरी नको!" तिचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. ताट तसंच सोडून उठले. थोड्या वेळाने गोठ्याकडे गेले तर आई रिकाम्या दावणीजवळ तोंडाला पदर लावून रडत होती. मला पाहिलं आणि शेण भरायला लागली.

एवढी लाज वाटते तिला माझी? आत्याच्या समोर मान खाली गेली म्हणून एवढं रडायचं?

वाजवणं सोडणार नाही. तिने रोज रडलं तरी नाही.

३ ऑगस्ट, रविवार

आईशी कामापुरतं बोलते.

काहीतरी भानगड आहे. मी कामावर जाते तेव्हा गिटारीच्या पिशवीची चेन पूर्ण लावलेली असते. परवा आले तर अर्धी उघडी. आज क्लासला निघण्याआधी तारा पुसायला गेले तर खालच्या दोन तारांवर पिवळं काहीतरी. हळद. कुणीतरी हळदीच्या बोटाने तारा छेडल्या आहेत.

मी गावात नसताना घरात कोण असतं? आई, आणि आत्या. आई कामातून डोकं वर काढत नाही. आत्याच. गिटार बिघडवून ठेवायची आणि मग म्हणायचं, पाहा, पोट्टीला वाजवता येत नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

आज पुन्हा हळद. सरळ आत्याच्या घरी गेले. "माझ्या गिटारीला हात लावायचा नाही, आत्या. सांगून ठेवते."

आत्याने आधी आ वासला, मग देवाच्या, पोरांच्या, म्हशीच्या शपथा घेतल्या. "मले हात लावाले भेव वाटते त्याले, काय खोटं बोलतं व!" एवढ्या शपथा कुणी खरं बोलताना घेत नाही.

घरी येऊन आईला सांगितलं, कशी झापली तिला. आईच्या हातातला चमचा भांड्यात पडला. म्हणाली, "काहून बोलली व तिले? तिनं नसन केलं." नेहमीची भोळी. आत्याने हिच्या डोक्यावर मिरे वाटले तरी ही म्हणेल, मिरे चांगले आहेत.

आता चेन नीट लागलेली राहील. आत्याला वचक बसला असणार.

२४ ऑगस्ट, रविवार

महालक्ष्म्या आठ दिवसांवर. सरांसमोर पूर्ण गाणं वाजवलं. तीन जागा चुकले. एका जागी तर बोटं हवेतच राहिली. सर डोळे मिटून ऐकत होते.

"चुकतेस," म्हणाले. मग म्हणाले, "पण थांबत नाहीस. आधी थांबायचीस." आणि माझ्यासाठी त्यांनी स्वतःची खुर्ची मागे सरकवून मला समोर नीट जागा केली. सरांच्या हिशेबात ही फार मोठी शाबासकी.

घरी फराळाची धावपळ सुरू झाली आहे. आई या दिवसांत नेहमीच वेगळी होते. घरभर राबते, सोळा भाज्या, आंबील, फुलोरा, सगळं तिचं. पण देवीसमोर कधी पुढे होत नाही. ओवाळायला आत्या, कुंकू लावायला आत्या. आई सगळ्यांच्या मागे भिंतीला टेकून गाणं म्हणते. विचारलं तर म्हणते, मोठ्यांचा मान.

१ सप्टेंबर, सोमवार

जे झालं ते झालं तसं लिहिते, उद्या मलाच खरं वाटणार नाही.

संध्याकाळी समोरची खोली भरली. दोन्ही महालक्ष्म्या नटून बसलेल्या, समोर समया. गल्लीतल्या सगळ्या बाया, शेजारच्या धनीबाई सगळ्यात पुढे. बाबा दाराशी. मी गिटार घेऊन बसले, डावा हात तारांवर ठेवला.

"थांब व," आत्या म्हणाली. हातात कुंकवाचा करंडा. "म्या इतके दिवस आयकून घेतलं. गिटारीले हात लावला म्हने म्या! पन घरात लक्ष्मी बसली हाये. देवीसमोर डावा हात चालनार नाही. वाजवाचं त उजव्यानं वाजव."

"उजव्याची गिटार नाही ही."

"मंग जुनी आन."

"ती मोडली. मीच मोडली."

बाया एकमेकींकडे पाहायला लागल्या. बाबांनी घसा साफ केला. "अपेक्षा, राहू दे मंग या साली. देवाचं काम हाये."

राहू दे म्हणजे माळा. राहू दे म्हणजे रविवार बंद. बाबांना ते कळत होतं आणि मलाही. मी तोंड उघडलं. असं काही बोलणार होते की महालक्ष्म्यांनी कान झाकले असते.

तेवढ्यात मागून भिंतीजवळून आई निघाली. बायांमधून वाट काढत पुढे आली. आत्याच्या हातातून करंडा घेतला, हिसकला नाही, घेतला. उजव्या तळहातावर ठेवला. डाव्या हाताचं बोट कुंकवात बुडवलं आणि आधी थोरलीला, मग धाकटीला, दोघींना डाव्या हाताने कुंकू लावलं.

मागच्या बाया उठून पाहायला लागल्या.

आई वळली. पदर खाली पडला होता, चट्टा सगळ्यांना दिसत होता. तिचा आवाज कापत होता, पण थांबत नव्हता. "आक्का, मी लहान होती. माहेरी अशाच महालक्ष्म्या बसल्या होत्या. म्या हौसेनं कुंकू लावलं, याच हातानं. काकीनं चुलीतलं उलथनं आनलं अन् याच हातावर ठेवलं. का, त देवी कोपन. कोठी कोपली? बसूनच होती ते. हात तेवढा जळला माहा."

आत्या समईची वात सारखी करायला लागली.

"त्या भेवानं म्या या पोरीले वळवलं. मारलं नाही, पन वळवलं. मले वाटलं, कोनी तिच्या हातावर काही ठेवाच्या आधी आपूनच बदलवू." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "आता पुरे झालं. वाजव तू."

आणि भिंतीशी परत गेली नाही. माझ्या बाजूला बसली आणि गायला लागली.

मी वाजवलं. डोळ्यांत पाणी होतं, तारा दिसत नव्हत्या. दुसऱ्या कडव्यात बोट चुकलं, भलताच सूर निघाला. आईने माझ्याकडे पाहिलं नाही, आवाज तेवढा चढवला. डावा हात चालत राहिला. खाली-खाली-वर. शेवटच्या ओळीपर्यंत चालत राहिला.

देवीसमोर कुणी टाळ्या वाजवत नाही. मग धनीबाई म्हणाल्या, "झालं इतक्यात? अजून एक म्हना न."

बाबा दाराच्या चौकटीला धरून उभे होते. माझ्याकडे नाही, आईच्या हाताकडे बघत होते. लग्नाला सव्वीस वर्षं झाली. मला विचारायचं होतं, तुम्ही कधी विचारलं होतं का तिला? पण मी तरी कुठे विचारलं होतं. एवढंच म्हणाले, "थांबली नाही पोरगी." कुणाबद्दल म्हणाले, कळलं नाही.

आत्याने आंबिलीची वाटी घेतली, आंबट झाली म्हणाली, आणि दुसरी वाटी घेतली.

२ सप्टेंबर, मंगळवार

महालक्ष्म्या गेल्या. घर रिकामं रिकामं वाटतं. दुपारी गिटार पुसत बसले होते. आई हळद दळून आली, हात पिवळे. दारातच उभी राहिली, आत येईना.

"ते तारेवरची हळद," ती म्हणाली, "निंगते का पुसल्यावर? का खराब होते तार?"

मी वर पाहिलं. आई पदराच्या टोकाला हात पुसत होती, पुसलेलेच पुन्हा पुसत होती, शाळेत उभं केल्यासारखी.

आत्याची माफी मागावी लागणार. म्हशीसकट सगळ्या शपथा खऱ्या होत्या. बघू. दिवाळीपर्यंत वेळ आहे.

"खराब होत नाही," मी म्हटलं. "ये, बस."

ती खाटेच्या कडेला बसली. गिटार मी तिच्या मांडीवर ठेवली. फिरवून द्यावी लागली नाही.